दार उघडले, आता मन उघडावे
(मंदिर जीर्णोद्धार व कलशारोहण सोहळ्याच्या प्रसंगी झालेले भाषण)



आजचा दिवस भाग्याचा आहे. शिखरावर कलश चढला आहे. ज्या गाभाऱ्यात पावसाळ्यात पाणी ठिबकत होते, ज्या सभामंडपाच्या तुळयांना वाळवी लागली होती, ते श्रीविठ्ठल-रखुमाईचे मंदिर आज नव्या तेजाने उभे आहे. या कामाला कोणी रोख रक्कम दिली, कोणी पोतेभर ज्वारी दिली, कोणी ट्रॅक्टरने वाळू-खडी आणून टाकली. ज्यांच्याजवळ यातले काहीच नव्हते त्यांनी गवंड्याच्या हाताखाली घमेली उचलली. पावतीवर आकडा लिहिता येतो, भाव लिहिता येत नाही. त्यामुळे या स्मरणिकेतील यादीत ज्यांचे नाव आले ते आणि ज्यांचे राहून गेले ते, दोघेही पांडुरंगाच्या दरबारी सारखेच धन्यवादास पात्र आहेत.

जीर्णोद्धार हा शब्द सर्वांच्या तोंडी आहे. जीर्ण झालेल्याचा उद्धार म्हणजे जीर्णोद्धार. मात्र या प्रसंगी प्रत्येकाने मनाशी एक प्रश्न विचारावा. गावात जीर्ण झाले होते ते केवळ मंदिरच काय? भिंतीला तडा गेला की तो डोळ्यांना दिसतो. दोन घरांच्या मध्ये, दोन भावांच्या मध्ये, दोन आळ्यांच्या मध्ये तडा जातो तेव्हा तो दिसत नाही. तो कळतो लग्नाच्या मांडवात, दहाव्याच्या दिवशी, पाणवठ्यावर. तो बुजवायला सिमेंट चालत नाही. आजचे हे चार शब्द त्या तड्याविषयी आहेत.

लोकशाही आली हे या देशाचे मोठे भाग्य. १९५८ साली ग्रामपंचायत कायदा झाला. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषद आणि पंचायत समिती आली. १९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतीला राज्यघटनेचा आधार मिळाला, आणि महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतीत निम्म्या जागा महिलांसाठी राखून ठेवल्या गेल्या. पूर्वी ज्यांना चावडीची पायरी चढायला भीती वाटे, त्यांच्या घरची लेकसून आज सरपंचाच्या खुर्चीवर बसू शकते. हे फार मोठे काम झाले. मताचा हक्क ही गरिबाच्या हातातली सर्वांत मौल्यवान वस्तू होय. तेव्हा निवडणुका नकोत, पक्ष नकोत, असे कोणी म्हणू नये.

पण निवडणूक संपली तरी गट संपत नाही, हे दुखणे आहे. गुलाल एका दिवसात धुऊन जातो, मनातला डाग पाच वर्षे राहतो आणि तोवर पुढची निवडणूक येते. मग किराण्याचे दुकान बदलते. दूध घालायची डेअरी बदलते. पिठाची गिरणी लांबची चालते, पण जवळची नको, कारण ती ‘त्यांची’ आहे. लग्नपत्रिकेत कोणाचे नाव घालायचे आणि कोणाचे गाळायचे यावर तीन रात्री खल होतो. एका गटाचा माणूस सोसायटीचा चेअरमन झाला की दुसऱ्या गटाच्या माणसाला कर्जाच्या अर्जावर सही मागायची लाज वाटते. सर्वांत वाईट म्हणजे लहान मुलांनाही कोणाच्या ओट्यावर खेळायचे नाही हे पाठ होऊन जाते. हे चित्र एखाद्याच गावाचे नाही. राज्यात कोठेही जावे, ओळखीचेच वाटेल.

तालुक्याच्या कचेरीत या तड्यांचे कागद होतात. बांध कोरल्याची तक्रार, वाट अडविल्याचा अर्ज, फेरफार नोंदीला हरकत. कागदाला कागद लागत जातो आणि फाईल फुगत जाते. कायद्यात यावर उपाय आहेत. जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ प्रमाणे तहसीलदार शेताच्या बांधावरून जाण्यायेण्याचा रस्ता देऊ शकतात. १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्यातील कलम ५ प्रमाणे अडविलेली वाट मोकळी करून घेता येते. हे उपाय चांगले आहेत आणि दुबळ्याला त्यांचा आधारही आहे. परंतु त्या रस्त्याने जाताना समोरच्याला ‘राम राम’ म्हणायला लावील असे कलम अजून कोणत्याही कायद्यात नाही. हुकूम मिळतो, रस्ता मिळतो, शेजारी मात्र मिळत नाही.

कायदा दार उघडतो. मन उघडण्याचे काम कोणी करायचे? ते काम श्रद्धेचे आहे. पण श्रद्धा ते काम आपोआप करीत नाही. त्यासाठी कोणातरी माणसाला आधी स्वतः पुढे व्हावे लागते. हे नुसते बोलण्याने पटणार नाही. म्हणून ज्याच्या नावाने हे मंदिर उभे आहे, त्या पांडुरंगाच्या पंढरीतच घडलेली एक हकीकत येथे सांगितली पाहिजे.

पंढरपुरात महाद्वारापाशी नामदेवांची पायरी आहे. तेथेच संत चोखामेळ्यांची समाधी आहे. चोखोबा मंगळवेढ्याचे. वेशीचे काम चालू असता भिंत कोसळून ते गेले आणि नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी पंढरीस आणल्या, असे परंपरा सांगते. ज्यांची भक्ती देवाला प्रिय, त्यांना देवळाच्या आत जागा नव्हती. समाधीही दाराबाहेर झाली. पुढे सहाशे वर्षे लाखो वारकरी त्या समाधीपुढे माथा टेकवीत आत गेले आणि चोखोबांच्या जातीची माणसे मात्र बाहेरच उभी राहिली. भक्तीचा महिमा सर्वांच्या मुखी होता, पण दार तसेच बंद होते. श्रद्धा असूनही मन बंद राहू शकते याचा याहून मोठा दाखला कोणता द्यावा?

१९३० साली २ मार्चला नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली, दादासाहेब गायकवाडांसारख्यांच्या साथीने, हजारो माणसे शांतपणे रामाच्या दारी उभी राहिली. काही वर्षे हा लढा चालला. दार उघडले नाही. अखेर १९३५ च्या ऑक्टोबरात येवल्याला बाबासाहेबांनी धर्म सोडण्याचा निर्धार बोलून दाखविला आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. यातून एक गोष्ट गावोगावच्या माणसाने ध्यानात ठेवावी. दारावर थाप मारणारा जन्मभर थाप मारीत बसत नाही. एक दिवस तो पाठ फिरवून आपल्या वाटेने जातो. मग आतल्या माणसाने कितीही हाका मारल्या तरी उपयोग नसतो. भाऊ बोलायला आला तेव्हा जो बोलला नाही, त्याला पुढे भाऊ राहत नाही.

अशा काळात साने गुरुजी उठले. पालगडला १८९९ साली जन्मलेला, अंमळनेरला मुलांचा लाडका असलेला हा शिक्षक. आईच्या आठवणी तुरुंगात लिहून ज्याने घराघरांतल्या माणसांच्या डोळ्यांत पाणी आणले तो हा लेखक. १९४६ साली कार्तिकी एकादशीच्या सुमारास त्यांनी ठरविले की, पंढरीच्या विठ्ठलाचे मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून प्राण पणाला लावून उपोषण करावयाचे. त्यावेळी हा शब्द वापरात होता. आज त्याऐवजी दलित बांधव म्हणतात.

देश त्या दिवसांत राजकारणाने ढवळून निघाला होता. स्वातंत्र्य उंबरठ्यावर आले होते आणि फाळणीचे वारे वाहत होते. गुरुजींच्या या निश्चयावरही एकमत नव्हते. सनातनी मंडळींना तो धर्मावर घाला वाटला. मंदिर-प्रवेशाचा कायदा होणारच आहे, मग उपवासाचा आटापिटा कशासाठी, असे काही राजकारणी मंडळींचे म्हणणे होते. दलितांच्या चळवळीला मंदिरप्रवेशाची आस उरली नव्हती, कारण त्यांचे मन नाशिकच्या दारातच विटले होते. म्हणजे हा माणूस कोणत्याच एका गटाचा उरला नाही. ज्यांना सर्वांना जोडायचे असते त्यांच्या वाट्याला पुष्कळदा हे एकटेपण येते.

सेनापती बापट आणि इतर स्नेह्यांनी गुरुजींना विनविले की, आधी लोकांना सांगा, लोकांना वेळ द्या. गुरुजींनी ते मानले. उपोषण सुमारे सहा महिने पुढे ढकलले आणि सेनापतींसह महाराष्ट्रभर दौरा काढला. थंडीचे दिवस सरले, उन्हाळा लागला. गावोगाव सभा झाल्या. गुरुजींचे बोलणे भांडणाचे नव्हते. ते शिव्या देत नव्हते, विनवणी करीत होते. त्या विनवणीने अनेक गावांची देवळे आणि पाणवठे खुले झाले. तेथे पोलीस गेले नव्हते की हुकूमनामा निघाला नव्हता. गावच्या चार वडीलधाऱ्यांनी आपल्याच हाताने कडी काढली.

तरीही पंढरीचे दार बंदच होते. १ मे १९४७ रोजी पंढरपुरात गुरुजींचे उपोषण सुरू झाले. तनपुरे महाराजांनी आपल्या मठात त्यांना जागा दिली. ही गोष्ट लहान समजू नये. त्या गावात राहून, तेथल्या लोकांचा रोष पत्करून, एका वारकरी महाराजाने आपला मठ या कामासाठी उघडला. गुरुजींच्या उपोषणाची कथा सर्वजण सांगतात, पण त्यांना टेकायला जागा देणाऱ्याचे धैर्यही तितकेच मोठे. गावात चांगले काम उभे राहते तेव्हा एक माणूस पुढे होतो आणि दुसरा आपल्या ओट्यावर त्याला जागा देतो. दुसऱ्याशिवाय पहिल्याचे चालत नाही.

महात्मा गांधींनीही गुरुजींना तारेने उपवास सोडण्याचा सल्ला दिला. ज्यांना गुरुजी दैवत मानीत त्यांचाच विरोध. परंतु अंतःकरणाला जे खरे वाटले त्यापासून ते ढळले नाहीत, आणि गांधीजींविषयीचा आदरही त्यांनी तिळभर कमी होऊ दिला नाही. मतभेद असला म्हणजे मन तुटलेच पाहिजे असे नाही, हे या प्रसंगातून शिकण्यासारखे आहे. आज चहाच्या टपरीवर दोन पक्षांची नावे निघाली की बालपणाचे मित्र एकमेकांची उणीदुणी काढू लागतात. मोबाईलवर कोणा दूरच्या माणसाने पाठविलेला मजकूर वाचून शेजारच्या माणसाशी अबोला धरतात. त्यांनी हा प्रसंग जरूर आठवावा.

दिवसांमागून दिवस गेले. गुरुजींची प्रकृती खालावत चालली. मध्यवर्ती कायदेमंडळाचे अध्यक्ष दादासाहेब मावळंकर यांनी मध्यस्थी केली. बडवे मंडळींशी बोलणी झाली आणि त्यांनी मंदिर सर्वांना खुले करण्यास संमती दिली. १० मे १९४७ रोजी उपोषण सुटले. त्याच वर्षी मुंबई प्रांतात मंदिर-प्रवेशाचा कायदाही झाला. पण कायद्याच्या धाकाने निघालेली कडी आणि संमतीने निघालेली कडी यांच्या आवाजात फरक असतो. गुरुजींना दुसरी कडी हवी होती. बडव्यांचा पराभव व्हावा अशी त्यांची इच्छा नव्हती. बडव्यांचेही मन मोठे व्हावे, एवढीच त्यांची इच्छा होती.

सर्वांची मने एका दिवसात निवळली असे कोणी समजू नये. तसे कधीच होत नसते. ज्यांनी तोवर वेगळी वाट धरली होती ते परत आले नाहीत, आणि त्यांना दोष देण्याचा कोणालाही अधिकार नाही. पण त्या दहा दिवसांनी महाराष्ट्राला एक गोष्ट दाखविली. समोरच्याला हरवून एकी होत नाही. त्याला आपल्यात घ्यावे लागते, आणि त्यासाठी आपण आधी काहीतरी सोसावे लागते.

याच पंढरीत गाडगेबाबांनीही आपल्या रीतीने हेच काम केले. हातात खराटा घेऊन ते वाळवंट आणि रस्ते झाडीत राहिले. त्यांनी बांधलेल्या चोखामेळा धर्मशाळेत, ज्यांना इतरत्र आसरा नव्हता त्यांना आसरा मिळाला. पुढे ही धर्मशाळा त्यांनी डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली, मुलांच्या शिक्षणासाठी. बाबा कीर्तन करीत, बाबासाहेबांनी देवळाकडे पाठ फिरविली होती. दोघांच्या वाटा वेगळ्या, तरी दोघांत केवढा जिव्हाळा! माणसाचे भले हा ज्यांचा धर्म, त्यांना एकमेकांची वाट आडवी येत नाही.

आता वारीकडे वळू या. वारी म्हणजे केवळ चालणे नव्हे, ती एकत्र कसे राहावे याची शाळा आहे. वारीत कोणी कोणाला सरपंच म्हणत नाही, पाटील म्हणत नाही, साहेब म्हणत नाही. सगळे ‘माउली’. एकमेकांना भेटले की दोघेही एकमेकांच्या पाया पडतात. आधी कोणी वाकायचे हा प्रश्नच उरत नाही, कारण दोघेही एकदमच वाकतात. गावातली निम्मी भांडणे ‘आधी त्याने यावे’ या तीन शब्दांवर अडलेली असतात. वारकऱ्यांनी या अडचणीवर शेकडो वर्षांपूर्वीच उपाय काढून ठेवला आहे.

माउलींच्या पालखीबरोबर लाखो माणसे चालतात. एवढ्या लोकांत कुरबुरी होत नाहीत काय? होतात. आरफळच्या हैबतबाबांनी या सोहळ्याला जी शिस्त घालून दिली, तीत तक्रारीलाही जागा आहे. संध्याकाळी तळावर समाजआरतीच्या आधी टाळ-मृदंगाचा गजर चालू असतो. चोपदार आपला दंड उंच करतात आणि सगळा तळ एकदम शांत होतो. ज्या दिंडीची काही तक्रार असेल, ती मात्र टाळ वाजवीतच राहते. मग चोपदार त्या दिंडीकडे जातात, म्हणणे ऐकून घेतात, निवारण करतात. त्यानंतरच आरती. तक्रार पोटात ठेवून कोणी आरतीला उभे राहू नये, असाच त्याचा अर्थ नव्हे काय? आणि तक्रार करणाऱ्यालाही तेथे कोणी फितूर समजत नाही. त्याचा टाळ ऐकण्यासाठीच तर बाकीचे गप्प होतात. गावात मात्र तक्रार असणाऱ्याचा टाळ कोणी ऐकत नाही. म्हणून तो कचेरीची वाट धरतो.

देहूहून तुकोबारायांची पालखी निघते. तिची वाटेतली पहिली आरती अनगडशहा बाबांच्या दर्ग्यापाशी होते. श्रीगोंद्याचे शेख महंमद जन्माने मुसलमान, पण वारकऱ्यांनी त्यांना संतांच्या मांदियाळीत मानाचे स्थान दिले. निरनिराळ्या संतांच्या पालख्या निरनिराळ्या वाटांनी येतात. कोणी दिवेघाटाने, कोणी लोणीवरून, कोणी खानदेश-विदर्भातून. प्रत्येकीची वाट वेगळी, मुक्काम वेगळे, मानकरी वेगळे. तरी पंढरीच्या अलीकडे वाखरीला त्या एकत्र येतात. कोणी कोणाला म्हणत नाही की, तुमची वाट सोडून आमच्या वाटेने या. ज्याने त्याने आपल्या वाटेनेच यावे, पण वाखरीला यावे, एवढेच.

गावातल्या पक्षांचेही तसेच समजावे. मत ज्याने त्याने आपल्या बुद्धीला पटेल त्याला द्यावे. सगळ्या गावाने एकच झेंडा धरावा हा एकीचा अर्थ नव्हे. एकी म्हणजे मतपेटीच्या पलीकडे एक वाखरी असणे, जेथे सर्वांनी यावे आणि कोणी कोणाला अडवू नये. या गावाला ती जागा आता नव्याने मिळाली आहे. ती म्हणजे हे मंदिर.

मात्र येथे सावध राहिले पाहिजे. ज्या देवाच्या नावाने माणसे जोडता येतात, त्याच देवाच्या नावाने ती तोडताही येतात. मंदिर एका गटाचे झाले, एका जातीचे झाले, एका पक्षाचे झाले, की ते वाखरी राहत नाही, किल्ला होऊन बसते. मंदिराच्या जागेचा राजकीय कामासाठी वापर होऊ नये म्हणून १९८८ साली केंद्र सरकारने कायदाही केलेला आहे. पण येथेही कायद्याच्या आधी मनाने समजून घ्यावे. सभामंडपात प्रचाराची सभा नको, आवारात कोणत्याही पक्षाचा फलक नको, आणि देवापुढे नारळ फोडून मताची शपथ घ्यायला लावणे तर मुळीच नको. देवाला साक्षीला बोलवावे ते सत्यासाठी, धाक घालण्यासाठी नव्हे.

राज्यात १५ ऑगस्ट २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. गावातले तंटे गावातच मिटावेत हा हेतू उत्तम होता. कित्येक गावांत त्याने भले झाले. पण समिती कागदावर राहिली तर तिचाच एक नवा तंटा होतो. समितीच्या मागे श्रद्धेचे बळ हवे आणि श्रद्धेच्या पुढे करुणा हवी. म्हणून या शुभप्रसंगी गावाने काही साध्या गोष्टी मनावर घ्याव्यात, अशी नम्र सूचना आहे.

पहिली गोष्ट पंगतीची. यापुढे सप्ताहाच्या पंगतीत वाढपी निवडताना एका गटाच्या माणसांनी दुसऱ्या गटाच्या ओळीत वाढावे. ज्याच्या पानात आपल्या हाताने भाकरी आणि आमटी वाढली, त्याच्याविषयी वाईट बोलायला जीभ लवकर वळत नाही. आणि पंगतीत कोणतीही आळी शेवटची नसावी. चोखोबांची समाधी आठवावी. या मंदिराच्या दाराबाहेर यापुढे कोणीही राहता कामा नये.

दुसरी गोष्ट तक्रारीची. सप्ताहाच्या आदल्या दिवशी गावातल्या चार वडीलधाऱ्यांनी, त्यांत दोन माता-भगिनी अवश्य असाव्यात, मंदिरात बसावे आणि ज्याचा कोणाचा टाळ वाजत असेल तो शांतपणे ऐकून घ्यावा. वाट अडली असेल, बांध सरकला असेल, भावाभावांत अबोला असेल. सगळेच मिटेल असे नाही. जे मिटणार नाही ते कायद्याने मिटवावे, त्यात कमीपणा नाही. दुबळ्यावर अन्याय झाला असेल तर ‘गावाची एकी’ म्हणून त्याचे तोंड दाबणे ही एकी नव्हे, तो दुसरा अन्याय होय. पण ऐकून तरी घ्यावे. ऐकून घेतल्याने अर्धे दुःख हलके होते.

तिसरी गोष्ट सुखदुःखाची. लग्नाच्या आमंत्रणात आणि मयताच्या खांद्यात गट आणू नये. दवाखान्यात कोणाचे माणूस पडले असेल तर तेथे जाताना पक्ष विचारू नये. ज्याच्याशी दहा वर्षे बोलणे नाही, त्याच्या घरी दुःखाच्या वेळी नुसते जाऊन बसावे. बोलायला जमले नाही तरी चालेल. जाऊन बसणे हेच बोलणे असते.

चौथी गोष्ट नावाची. फरशीवर कोणाचे नाव वर, कोणाचे खाली, यावरून चांगल्या चांगल्या गावांत मंदिराचे काम बंद पडलेले आहे. नाव पाहण्यासाठी मान वर करावी लागते, पण दर्शन घेण्यासाठी ती खाली झुकवावी लागते. देणगीदार मंडळींना हे सांगणे नको. पण त्यांच्या मुलानातवंडांनी हे ध्यानात ठेवावे, की वडिलांनी दिलेला दगड या मंदिराला लागला, मंदिर वडिलांचे झाले नाही.

सज्जनहो, सप्ताहाचा शेवट काल्याने होतो. गोपाळांनी आपापल्या घरून आणलेल्या शिदोऱ्या सोडल्या. कोणाकडे दही होते, कोणाकडे लाह्या, कोणाकडे शिळी भाकरी. सगळे एकत्र कालविले. मग कोणाचा घास कोणाचा होता हे कोणालाच सांगता येईना. पंढरीत वारीची सांगताही गोपाळपूरच्या काल्यानेच होते आणि वारकरी एकमेकांच्या मुखात तो प्रसाद घालतात. काल्यात शिदोरी टाकताना कोणी असे म्हणत नाही की, माझे दही वेगळे काढून द्या. ज्याला आपली शिदोरी वेगळी ठेवायची आहे त्याने ती खुशाल ठेवावी, पण मग त्याला काल्याची गोडी मिळणार नाही.

उद्या या मंदिरात काला होईल. दहीहंडी फुटेल, लाह्या उधळतील, लहान मुले धावतील. त्यावेळी प्रत्येकाने एक करावे. आपल्या घरच्या माणसाच्या मुखात प्रसाद घालण्यापूर्वी, ज्याच्याशी बोलणे सुटले आहे अशा एका माणसाला शोधावे आणि पहिला घास त्याच्या मुखात घालावा. त्याने आधी यावे अशी वाट पाहू नये. वारकऱ्यांसारखे दोघांनी एकदमच वाकावे. साने गुरुजींनी दहा दिवस अन्न सोडले तेव्हा पंढरीचे दार उघडले. येथे कोणाला अन्न सोडायचे नाही, उलट एक घास द्यायचा आहे. एवढे तर होईलच.

शिखरावरचा कलश लांबून, फाट्यावरूनही दिसतो. येणारा-जाणारा तो पाहून म्हणेल, गावाने मंदिर छान बांधले. पण एखादा पाहुणा गावात मुक्कामाला राहिला आणि निघताना म्हणाला की, या गावात माणसे एकमेकांशी बोलतात, तर त्या दिवशी खरा कलश चढला असे समजावे. पांडुरंग सर्वांना तशी बुद्धी देवो.

रामकृष्ण हरि!